उभ्या माणसांचा नंबर

या अंकाचे संपादक दर वर्षी माझ्याकडे कंडक्टरकीच्या गमती मागतात आणि मी त्या लिहून देतो. लाल गाडीत कोंबडा काखेत धरून चढलेली म्हातारी, अर्ध्या तिकिटाच्या वयावरून जुंपलेली भांडणं, आशागडच्या पुढे बंद पडलेली गाडी. वाचणाऱ्यांना त्या आवडतात, मलाही लिहायला सोप्या जातात. पण कंडक्टरकी संपल्यावर २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं मी जे काम केलं, त्यावर आजवर एक ओळ लिहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, तो दवाखाना होता, दवाखान्यात कसल्या गमती?

गमती पुष्कळ होत्या. मी टाळत होतो ते एका बाईमुळे. तिच्याविषयी आमच्या डहाणू-तलासरीच्या ख्रिस्ती मंडळींत एक गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे माहीत असणारी आमच्यात दोनच माणसं होती. त्यातला एक, आमचा ड्रायव्हर जयवंत, गेल्या वर्षी वारला. आता मी उरलो, सत्तरी ओलांडलेला.

मी मूळचा वसईकडचा, कॅथलिक. नोकरी डहाणू डेपोत झाली आणि निवृत्तीनंतरही आम्ही नवराबायको डहाणूतच राहिलो. घरी बसून माझा वेळ जात नव्हता आणि बायकोचा जात होता, म्हणून तिनेच फादरना सांगून मला मिशनच्या दवाखान्यात चिकटवलं. त्या दवाखान्याची एक फिरती गाडी होती. आठवड्यातून काही दिवस ती पाड्यापाड्यांवर जाई. एक दिवस झाईला, किनाऱ्यावर, गुजरातच्या हद्दीला लागून. एक दिवस वेवजीच्या बाजूला. बाकी दिवस आत, डोंगराकडच्या पाड्यांवर. गाडीत डॉक्टर, एक नर्स, ड्रायव्हर आणि मी. डॉक्टर म्हणजे सिस्टर लिली. केरळची जोगीण, म्हणजे धर्मभगिनी, पांढऱ्या झग्यावर निळं स्वेटर घालणारी, मराठी स्वच्छ बोलणारी, पण प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर नेणारी.

माझं काम रांगेचं. हे काम काय असतं ते बाहेरच्याला सांगायला हवं. फिरता दवाखाना म्हणजे झाडाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, औषधांच्या पेट्या आणि समोर गावभर माणसं. डॉक्टर एक, आणि वेळ मोजका, कारण संध्याकाळी परत येऊन तिला दवाखान्यातल्या खाटा बघायच्या असत. मागे कोणी रांग सांभाळत नव्हतं, तेव्हा जो पुढे घुसेल तो तपासला जाई. मला ठेवलं ते कंडक्टर होतो म्हणून. फादर म्हणाले, "गर्दी कशी हाताळायची हे तुम्हाला शिकवायला नको."

मी पहिल्याच आठवड्यात घोलवडहून चिकूची मोडकी खोकी आणली, त्यांच्या फळ्यांचे हातात मावतील असे चौकोन कापले आणि लाल रंगाने आकडे काढले. हे आमचे बिल्ले. बिल्ला हातात असला की माणूस निवांत बसतो, ढकलाढकली करत नाही. लोकांना ते इतके आवडले की काही घरीच राहिले. झाईचा एक म्हातारा मच्छीमार होता, त्याने सात नंबर कायमचा ठेवून घेतला. दर आठवड्याला तो सातचा बिल्ला घेऊनच यायचा आणि सांगायचा, माझा नंबर आधीच लागलाय. आजार एकच, अंग दुखतं. उपाय एकच हवा, सुई. गोळ्या दिल्या की गुजरातीत म्हणायचा, "गोळी तो छोकरां माटे," गोळी पोरांसाठी, आणि जयवंतला साक्षीला बोलवायचा. जयवंत चिखल्याचा, वाडीवाल्या घरातला, मराठी आणि गुजराती दोन्ही जिभेवर. तो म्हाताऱ्याला गंभीरपणे सांगायचा की या गोळीच्या आत बारीक सुई असते, पोटात गेली की टोचते. म्हातारा ती आनंदाने गिळायचा. सिस्टरना हे कळलं तेव्हा त्या जयवंतवर रागावल्या, मग गाडीत बसल्यावर तोंड फिरवून हसत राहिल्या.

आता प्रार्थनेबद्दल. दवाखाना सुरू करण्याआधी सिस्टर एक लहानशी प्रार्थना म्हणत, एखादं गीत होई. सतरंजी अंथरलेली असे. ज्याला बसावंसं वाटेल त्याने बसावं, नसेल त्याने लांब थांबावं, अशी त्यांची पद्धत. त्यांनी कधी कोणाला बसायला सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पाड्यांवरची बहुतेक घरं आपापले देव मानणारी, ख्रिस्ती घरं थोडी. सुरुवातीला सतरंजीवर मोजकी माणसं असत, आणि बाकीचे आंब्याखाली, बांधावर, उभे.

मी काय केलं ते सांगतो. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. कंडक्टरच्या अंगात एक सवय मुरलेली असते. गाडीत शिरला की तो आधी बसलेल्यांची तिकिटं फाडतो. ते ओळीने असतात, हलत नाहीत, हिशेब चुकत नाही. उभ्यांकडे मग वळायचं, दांडीला धरून, रेटत रेटत. सगळी हयात मी हेच केलं होतं. इथेही मी तेच केलं. प्रार्थना चालू असतानाच सतरंजीच्या कडेने फिरायचं आणि बसलेल्यांच्या हातात एकेक बिल्ला द्यायचा. आमेन होईपर्यंत निम्मे बिल्ले वाटून झालेले. मग उभ्यांकडे. सिस्टरचे डोळे तेव्हा मिटलेले असत. उघडत तेव्हा पहिला नंबर टेबलापाशी हजर. त्या म्हणायच्या, "अंकल, तुमच्यामुळे किती वेळ वाचतो?" मला फार बरं वाटायचं.

माणसं खुळी नसतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या लक्षात आलं की सतरंजीवर बसलं की नंबर आधी लागतो. सतरंजी भरू लागली. मग दोन सतरंज्या लागल्या. फादर एकदा बघायला आले आणि मंडळीसमोर म्हणाले की आपल्या गाडीमुळे लोक प्रभूकडे ओढले जात आहेत. माझं नाव घेऊन कौतुक झालं. मला आत कुठेतरी माहीत होतं की लोक कशाकडे ओढले जात आहेत. मी गप्प बसलो. कौतुक कोणाला नको असतं?

जयवंतने मात्र टोकलं. गाडी पुसता पुसता म्हणाला, "काका, एक विचारू? तुमच्या लाल गाडीत उभ्याला तिकीट शेवटी मिळायचं, पण गाडी त्याला घेऊनच सुटायची ना? आपली गाडी उभ्याला तिथंच ठेवून सुटते."

मी म्हणालो, "तू स्टिअरिंग बघ."

ती बाई पहिल्यांदा आली २०१५ साली, पावसाळा सरता सरता. तिचं नाव लहानी. वारली घरातली सून, विशीतली. नवरा गुजरातकडे बोटीवर गेलेला, घरी सासू. पोट दिसत होतं, दिवस बरेच भरत आले असावेत. ती सतरंजीवर बसली नाही. मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. तिच्या शेजारणीने मला सांगितलं की लहानीचं पहिलं मूल राहिलं नव्हतं, म्हणून सासूने महालक्ष्मीला नवस बोलला आहे. मूल सुखरूप हातात येईपर्यंत सुनेने दुसऱ्या कुठल्या देवापुढे बसायचं नाही, असं सासूचं सांगणं. मी मान हलवली. आमच्या आईनेही आमच्या वेळी असले नेम केले होते, फक्त देवमातेपुढे.

त्या दिवशी गर्दी फार होती. लहानीला अगदी शेवटचा नंबर मिळाला. तो लागायच्या आत उजेड उतरू लागला आणि सिस्टरना निघावं लागलं. अशा उरलेल्यांना आमची नर्स गाडीच्या खिडकीतून काहीतरी देई, खोकल्याला बाटली, गरोदर बाईला रक्तवाढीच्या गोळ्या. टेबलापर्यंत पोचलेल्याचा केसपेपर निघे, न पोचलेल्याचा निघत नसे, आणि खिडकीतून पुड्या देताना नर्सला चेहरेही ध्यानात राहत नसत. लहानीला गोळ्यांची पुडी मिळाली. तिने मला काही सांगायचा प्रयत्न केला, डोकं दुखतं, पाय जड होतात. मी गाडीच्या पायरीवर उभा होतो. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला लवकर ये."

पुढच्या खेपेला ती लवकर आली.

आमची गाडी पोचली तेव्हा मोहाखाली ती एकटी होती. बाकी पाडा अजून यायचा होता. जयवंतने हॉर्न वाजवून तिला हात केला. ती हसली. तिचे पाय मी पाहिले, सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला. मग लोक आले, सतरंज्या अंथरल्या, गीत सुरू झालं आणि मी बिल्ले घेऊन कडेने फिरू लागलो. ती उभीच होती. मी तिच्याकडे पाहिलं. मनात आलं, ही सगळ्यांच्या आधी आली आहे. पुढच्या क्षणी दुसरं मनात आलं, हिला आधी दिला तर उभे असलेले सगळे मागतील, आणि माझी ओळ मोडेल. मी ओळीने वाटत गेलो. तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा माझ्या हातात शेवटचे बिल्ले होते.

तिने बिल्ला घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या बोलीत म्हणाली, मी ते माझ्या मराठीत लिहितो, "बाबा, मी लवकर आले होते."

मी म्हणालो, "हो गं, लागेल नंबर."

लागला नाही. नर्सने पुन्हा पुडी दिली.

त्यानंतरच्या खेपेला ती आली नाही. पुढे काही दिवसांनी एका सकाळी मालाच्या टेम्पोतून तिला आमच्या दवाखान्यात आणलं. झटके येत होते. सिस्टर लिली आणि दोन नर्सा तिच्यापाशी किती वेळ होत्या ते मला सांगता येणार नाही, पण दुपार कलली तेव्हा सिस्टर बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाई वाचली होती. मूल गेलं होतं. मुलगा होता.

हा आजार काय ते मला त्या दिवशी कळलं. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब वाढतो. डोकं दुखतं, पायाला सूज येते, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो. वेळीच दाब मोजला तर औषध आहे, दवाखान्यात ठेवून घेता येतं, बहुतेक वेळा आई आणि मूल दोघंही घरी जातात. दाब मोजायचं यंत्र आमच्या टेबलावर होतं. मोहाच्या झाडापासून तिथवर हाक जाईल एवढंच अंतर.

सिस्टरनी मला विचारलं, "अंकल, ही बाई आपल्या गाडीवर कधी आली होती का?"

मी म्हणालो, "नाही, सिस्टर. मला तरी आठवत नाही."

जयवंत मागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर पुष्कळ दिवस त्याने माझी थट्टा केली नाही. ते मला शिवीपेक्षा जड गेलं.

सिस्टर आत गेल्या, मीही गेलो. लहानीला तेव्हा धूसर दिसत होतं. या आजारात असं होतं, पुढे नजर परत येते, तिचीही आली. सिस्टर रागावल्या नाहीत, पण थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "गाडी तुझ्या पाड्याच्या तोंडाशी येते ना? का आली नाहीस?" सासू पायाशी बसली होती. तिने सुनेकडे पाहिलं. "तू तर गेली होतीस ना?" लहानीने तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं. मोठ्या दवाखान्यात खाटेवर पडलेली गरीब बाई, जिने तिला वाचवलं त्या डॉक्टरला खोटं पाडत नाही. ती म्हणाली, "मला उशीर झाला."

मी दारात उभा होतो. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी उघडलं नाही.

तिथून ती गोष्ट सुरू झाली. नवसापायी प्रार्थनेच्या गाडीकडे यायला घाबरली, भगताच्या नादी लागली, उशीर केला आणि मूल गमावलं. नाव न घेता ही गोष्ट मंडळीत सांगितली गेली, नर्सांच्या प्रशिक्षणात सांगितली गेली, बाहेरून पाहुणे आले की सांगितली गेली. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटत होतं, यातून बायका लवकर येतील. मी प्रत्येक वेळी तिथे होतो. एकदा तर गोष्ट संपल्यावर चहा मीच वाटला.

म्हणून आधी हे कागदावर येऊ दे. लहानी भगताकडे गेली नव्हती. नवसामुळे ती गाडीकडे यायची थांबली नव्हती. ती दोनदा आली. दुसऱ्या खेपेला ती सगळ्यांच्या आधी आली. तिला मागे ठेवलं मी.

पुढे जे झालं त्याबद्दल मी देवाचा आणि सिस्टर लिलींचा ऋणी आहे. पुढच्याच आठवड्यापासून मी बिल्ले येईल त्याला, येईल तसे देऊ लागलो. सिस्टरच्या ते लक्षात आलं. "हे छान आहे. पण मग आतापर्यंत कसे देत होता?" मी अर्धं खरं सांगितलं. बसलेल्यांना आधी, उभ्यांना नंतर, म्हणालो. लहानीचं नाव घेतलं नाही.  सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे लोक देवासाठी बसत नव्हते. नंबरसाठी बसत होते. आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानत होते?"

दुसऱ्या दिवसापासून सतरंजी बंद झाली. प्रार्थना आम्ही निघण्याआधी गाडीतच म्हणू लागलो, जयवंतसुद्धा स्टिअरिंगवर हात जोडून बसायचा. दवाखान्याच्या बैठकीत यावर बोलणं झालं. एका सभासदाने विचारलं, मग आपल्यात आणि सरकारी दवाखान्यात फरक काय राहिला? सिस्टर म्हणाल्या, "नाही राहिला तर चांगलंच आहे ना?" मग त्यांनी दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीची आठवण करून दिली. आम्ही लहानपणापासून ती ऐकलेली. येशूने दहाही जणांना बरं केलं, परत येऊन उपकार मानले एकाने. सिस्टर म्हणाल्या, आपण नेहमी त्या एकाचं कौतुक करतो. बाकीच्या नऊ जणांचं कातडं येशूने परत बिघडवलं का? कोणत्या देवाला मानता हे त्याने आधी विचारलं का? मग आपण कोण विचारणार?

ते वाक्य मी पुढे किती वेळा मनात घोळवलं. मी धर्मशास्त्र शिकलेला नाही, पण एवढं मला कळतं की औषध हे बक्षीस नाही. आपल्याकडे ते मिळवायला प्रत्येक ठिकाणी काहीतरी लागतं. कुठे कार्ड, कुठे ओळख, कुठे आगाऊ भरायची रक्कम, कुठे आमच्यासारखी सतरंजी. अट लावणाऱ्याला वाटतं, ती शिस्तीसाठी लावली. बाहेर उभा असतो त्याला विचारा ती कशासाठी आहे. म्हणून मला वाटतं, दवाखाना प्रत्येकाला मिळावा, आणि तो कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून नसावा. चांगुलपणा आमच्याकडेही होता. गाडी भरून होता.

सिस्टरनी आणखी एक गोष्ट केली. त्या म्हणाल्या, आधी आलेल्याला आधी हेही पुरतं खरं नाही, कारण जास्त आजारी माणूस हळू चालतो. तेव्हापासून नर्स आधी सगळ्या रांगेतून फिरू लागली. कपाळाला हात, गरोदर बाईच्या नडगीवर अंगठा, म्हाताऱ्यांचा श्वास. ज्याचं जास्त त्याला मी लाल फडकं बांधलेला बिल्ला द्यायचो, तो सगळ्यांच्या पुढे. पहिल्यांदा लोकांनी कुरकुर केली. मग त्यांनाच सवय झाली. बायका दुरून ओरडून सांगायच्या, "कंडक्टरबाबा, हिला लाल द्या, हिचे पाय बघा."

एकदा घोलवडच्या बाजूचे एक बागायतदार मोटारीतून आले. शहरात तपासून झालं होतं, पण सिस्टरच्या हाताला गुण आहे असं कोणी सांगितलं म्हणून आले. उशी बरोबर आणली होती, ती मांडून बसले आणि मला म्हणाले, माझा नंबर पुढे घ्या, मी दवाखान्याला देणगी देतो. मी त्यांना मच्छीमार म्हाताऱ्याच्या मागे बसवलं. म्हातारा सातचा बिल्ला दाखवून त्यांना म्हणाला, शेठ, असा एक कायमचा काढून घ्या, रोजची कटकट नको. सगळे हसले, शेठ सोडून. पण तेवढ्यात नर्सने त्यांची नाडी धरली आणि मला खूण केली. त्यांना मी लाल बिल्ला दिला, म्हाताऱ्याच्याही पुढे नेलं. त्यांना ते समजेना. म्हणाले, आता का? मी म्हणालो, आता तुम्ही जास्त आजारी आहात म्हणून. पुढे ते बरे झाले आणि पेटीभर चिकू पाठवले. जयवंत म्हणाला, निदान पेटी तरी शाबूत आली, बिल्ले करायला बरी.

२०१७ मध्ये लहानीला पुन्हा दिवस गेले. या वेळी ती पहिल्या महिन्यापासून आली. नर्सचा अंगठा तिच्या नडगीवर पडायचा तेव्हा मी बिल्ले वाटायचं थांबवून बघायचो. शेवटच्या महिन्यात दाब चढला, सिस्टरनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मुलगी झाली, रडकी, काळीभोर, धडधाकट. सासूने महालक्ष्मीचा नवस फेडला आणि प्रसादाचा नारळ दवाखान्यात आणून सिस्टरच्या टेबलावर ठेवला. सिस्टरनी तो फोडून सगळ्यांना वाटला. मला वाटलं, आता सांगावं. पण आनंदात मीठ कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

पुढच्या वर्षी तलासरीच्या बाजारात माझ्याच छातीत कळ आली. मिरच्या विकणाऱ्या बाईने मला आपल्या पोत्यावर आडवं केलं, कोणा अनोळखी माणसाने रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथल्या नर्सने आधी जिभेखाली गोळी ठेवली, छातीला तारा लावल्या, आणि मग विचारलं, "काका, नाव काय तुमचं?" नाव शेवटी. मी खाटेवर पडून रडलो. तिला वाटलं दुखतंय म्हणून. ती नर्स, ती मिरचीवाली, तो रिक्षातला माणूस, यांची नावं मला कधीच कळली नाहीत. रोज रात्रीच्या प्रार्थनेत मी त्यांना असंच, नावाशिवाय आठवतो.

बरा झाल्यावर मी वसईला जाऊन पापनिवेदन केलं. डहाणूत करायची लाज वाटली. जाळीपलीकडच्या फादरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, देवाची क्षमा तुम्हाला मिळाली, ती मी सांगू शकतो. त्या बाईची क्षमा माझ्या हातात नाही, ती तिच्याकडेच मागावी लागेल.

२०१९ मध्ये मुलाने आम्हाला वसईला बोलावून घेतलं. निघण्याआधी मी जयवंतला म्हणालो, मला लहानीच्या पाड्यावर सोड. त्याने का विचारलं नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "काका, बोला हां. मी गाडीतच थांबतो."

लहानी अंगणात भात पाखडत होती. मला पाहून तिने सूप ठेवलं, बाज झटकली, पाणी आणलं. नवराही घरी होता. एक नवी सून घरात आली होती, तिची जाऊ, ती पोटुशी होती. लहानीने तिला पुढे ओढलं आणि माझी ओळख करून दिली. हे नंबर देणारे बाबा. मग ती जावेला समजावू लागली, अगदी मनापासून, जसं मोठी धाकटीला समजावते. "गाडी आली की लवकर जायचं. माझ्यासारखं करायचं नाही. मी उशिरा गेले, म्हणून माझा मुलगा गेला. होय की नाही, बाबा?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला ते खरंच तसं वाटत होतं. एवढ्या जणांनी एवढ्या वेळा सांगितल्यावर तिची स्वतःची आठवणही बदलली होती. खाटेवर एकदा ती मला वाचवायला, की सिस्टरला दुखवायचं नाही म्हणून, ते बोलली होती. आता ते तिच्या अंगाला चिकटलं होतं. तिची मुलगी माझ्या गुडघ्याला धरून उभी होती.

मी म्हणालो, "हो. लवकर जावं."

पाणी प्यालो आणि उठलो. जयवंतने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

लहानीला वाचता येत नाही. माझे गुडघे आता पाड्याची वाट चढणार नाहीत, आणि ते कुटुंब बोटीच्या कामापायी गुजरातेत गेल्याचं ऐकतो. तरी जे त्या अंगणात म्हणायचं होतं ते इथे लिहितो.

लहानी, तू उशिरा गेली नव्हतीस. तू सगळ्यांच्या आधी आली होतीस आणि मी ते पाहिलं होतं. तुझ्या नवसाची चूक नव्हती, तुझ्या सासूची नव्हती, तुझी तर नव्हतीच. नंबर माझ्या हातात होता आणि मी तो तुला दिला नाही. मग मी खोटं बोललो आणि तुझ्या मुलाचं जाणं तुझ्या माथी मारलं. पोरी, मला माफ कर.